शिवेवरची पट्टी

हॉथॉर्न फुलला की मला खिडक्या लावून घ्याव्याशा वाटतात. मे महिन्यात आमच्या गावातल्या सगळ्या वाटांच्या कडेची ही काटेरी झुडपं अशी पांढरी होतात, की लांबून बघणाऱ्याला वाटावं कुणी साय ओतून गेलंय. जवळ गेलं की वास येतो. गोडसर, दाट, आणि त्या गोडाच्या खाली काहीतरी बिघडलेलं. फुलदाणीतलं पाणी बदलायचं राहून गेलं की येतो तसा. इथली जुनी माणसं ही फुलं घरात आणत नाहीत. आणली तर घरातलं कुणीतरी जातं म्हणे. पहिल्या वर्षी मला हे ठाऊक नव्हतं. मी भला मोठा गुच्छ आणून हॉलमध्ये ठेवला. शेजारच्या शेतावरच्या जोन प्रॉसर दूध द्यायला आल्या त्या उंबऱ्यावरच थबकल्या.

"लव्ह, ते बाहेर टाक," एवढंच म्हणाल्या.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तरी मी तो गुच्छ टाकला. साठी उलटलेली बाई दारात उभी राहून आत यायला घाबरते आहे, हे बघत तर्कशुद्ध राहणं अवघड असतं.

यंदाही तो फुलला आहे, अगदी वेळेवर. आणि वास आला की दोन हजार एक सालचा तो वसंत येतो. त्याला काही बोलवावं लागत नाही.

आमचं गाव वेल्सच्या सीमेजवळ आहे. नाव लिटल मार्लकोट. मग मोठं मार्लकोट कुठे आहे, असं आम्ही नवीन असताना विचारलं, तेव्हा जोनच्या नवऱ्याने, टेडने, हातातली काठी आपल्या कुरणाकडे केली. कुरणात नुसते हिरवे उंचवटे होते, लांबट, चौकोनी, कुणीतरी पांघरूण घेऊन झोपल्यासारखे. ती घरं होती. सहा-सात शतकांपूर्वी प्लेगची साथ आली आणि मोठं गाव गेलं, धाकटं राहिलं.

"तिथे गवत चांगलं येतं," टेड म्हणाला. त्याने ते विनोदाने म्हटलं होतं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. टेडचा विनोद आणि टेडची माहिती एकाच आवाजात यायची.

शिरीष, म्हणजे माझा नवरा, डॉक्टर. आधी आम्ही स्लाऊला होतो. तिथे आजूबाजूला आपली माणसं, हाकेच्या अंतरावर कढीपत्ता, गणपतीला मोठा हॉल. शिरीषला मात्र गावातली प्रॅक्टिस हवी होती, सगळे पेशंट नावानिशी माहीत असलेली. इथे दवाखान्याला सर्जरी म्हणतात. आमच्या गावची सर्जरी म्हणजे पूर्वीच्या लोहाराच्या भट्टीत टाकलेलं एक टेबल आणि दोन खोल्या. आम्ही निघालो तेव्हा माझी स्लाऊची मैत्रीण सुनीता म्हणाली, "वेड लागलंय का तुम्हा दोघांना? तिथे कोथिंबीर तरी मिळते का?" मिळत नव्हती. इतिहास मात्र मुबलक मिळत होता.

चर्चचा बुटका, जाड मनोरा नऊशे वर्षांचा. अंगणातलं यूचं झाड त्याहून जुनं, असं व्हिकार, म्हणजे चर्चचे पाद्री, सांगायचे. झाडाने कधी नाकारलं नाही. चर्चच्या आत एक दगडी सरदार पायाशी कुत्रा घेऊन निजलेला. त्याचं नाक कुठल्याशा यादवीत सैनिकांनी फोडलं होतं. कुठल्या बाजूच्या सैनिकांनी, यावर गावात अजून दोन तट होते. कुण्या राजाने कर गोळा करायला अख्ख्या देशाची मोजदाद केली त्यात मार्लकोटच्या नावे एक गिरणी आणि काही डुकरं लागलेली. एवढ्या भांडवलावर गाव एक पब, एक पोस्ट ऑफिस आणि बराच अभिमान चालवत होतं.

अभिमानाचं खातं मिस्टर हॅरल्ड फिंच यांच्याकडे होतं. ते पॅरिश कौन्सिलचे अध्यक्ष. पॅरिश कौन्सिल म्हणजे आपली ग्रामपंचायत समजा, फक्त अधिकार त्याहून कमी आणि चहा त्याहून जास्त. फिंच यांनी उभं आयुष्य क्रॉयडनमध्ये बाथरूमच्या फरश्या विकल्या होत्या आणि दुकान विकून ते इथे आले होते, आमच्या जेमतेम तीन वर्षं आधी. आल्या आल्या त्यांनी ट्वीडचा कोट शिवून घेतला, चांदीच्या मुठीची काठी घेतली आणि गावाच्या परंपरा शोधायला घेतल्या. आम्हाला सोडलं तर गावातल्या सगळ्यात नव्या माणसाला गावातल्या सगळ्यात जुन्या चालीरीती पाठ होत्या. प्रॉसर घराणं इथे कित्येक पिढ्या नांदत होतं, पण टेडला विचारलं तर तो म्हणायचा, "असेल तसं. हॅरल्डला विचारा."

मलाही कौन्सिलवर घेतलं गेलं. एक जागा रिकामी होती आणि डॉक्टरांची बायको नाही म्हणणार नाही, असा सर्वांचा अंदाज होता. मी बैठकांना बटाटेवडे न्यायची. ते सगळे त्यांना समोसे म्हणायचे आणि आवडीने खायचे. मीही दुरुस्ती करायचं सोडून दिलं होतं.

फिंचना सापडलेली सर्वोत्तम परंपरा म्हणजे शीव झोडपणे. ही खरीखुरी जुनी चाल आहे, त्यांच्या डोक्यातून निघालेली नव्हे. मे महिन्यातल्या एका रविवारी व्हिकार पुढे, गाव मागे, अशी सगळी मंडळी पॅरिशच्या हद्दीवरून चालतात आणि हद्दीच्या प्रत्येक दगडाला विलोच्या फोकांनी बडवतात. नकाशे नव्हते तेव्हा हद्द लक्षात राहावी म्हणून. पूर्वी दगडांबरोबर पोरांनाही बडवत, दगडावर डोकं आपटत. दुखलेलं माणूस विसरत नाही असा हिशेब. मला ते ऐकून आमचे दादा आठवले. माझे वडील कऱ्हाडजवळच्या एका गावात मास्तर होते. ते सांगायचे, पटकीची साथ आली की गावात मरीआईचा गाडा करायचे. त्यात देवी बसवायची, नैवेद्य ठेवायचा आणि वाजतगाजत तो गाडा शिवेपलीकडे नेऊन सोडून यायचा. म्हणजे रोग पुढच्या गावाला. पुढचं गाव तोच गाडा आपल्या पुढच्या शिवेवर सोडणार. "शेवटच्या गावाने काय करायचं?" मी विचारायची. दादा म्हणायचे, "शेवटचं गाव कुणालाच माहीत नसतं."

दोन हजार साली गावाला उत्सवाचं भरतं आलं होतं. शतक बदलल्याच्या निमित्ताने प्रत्येक पॅरिश काही ना काही करत होती. कुणी बाक ठेवला, कुणी घड्याळ बसवलं. फिंचना बाक पुरणार नव्हता.

टेडचं कुरण जिथे संपायचं तिथे त्याचं कुंपण होतं. कुंपणापलीकडे काटेकुटे, खाजकुयली, ओल्या दगडांची एक अरुंद पट्टी, मग ओढा, आणि ओढ्यापलीकडे बेवन नावाच्या माणसाच्या मेंढ्या. ओढा हीच पॅरिशची शीव. ही पट्टी गावाची होती. म्हणजे कुणाचीच नव्हती. लोक तिला आयडल पीस म्हणायचे, रिकामटेकडा तुकडा. फिंचच्या मनात आलं, ही पट्टी गावातल्या सर्वात जुन्या घराण्याला मानाने द्यावी. तीही नुसती नाही, जुन्या इंग्लंडात जमीन द्यायची रीत होती तशी: सगळ्यांदेखत मातीचं हिरवळीसकट एक ढेकूळ आणि एक डहाळी घेणाऱ्याच्या हातात ठेवायची, की झाली जमीन त्याची.

"मला नकोय ती," टेड समारंभाच्या सकाळी दबक्या आवाजात जोनना म्हणाला. मी शेजारीच उभी होते. "काय करू तिचं? खाजकुयली विकू?"

"टेड, कोपऱ्यात वर्तमानपत्राचा फोटोवाला उभा आहे. हात पुढे कर."

"अगं पण..."

"हात पुढे कर आणि हस."

टेडने हात पुढे केला. हसणं त्याला जमलं नाही. फिंचनी ट्वीडच्या बाहीला चिखल लागू न देता ढेकूळ ठेवलं, डहाळी ठेवली, आणि "अनंत काळापर्यंत" असं काहीतरी म्हणाले. टाळ्या झाल्या. हा देश दुष्मनाला नाही म्हणू शकतो, सरकारला नाही म्हणू शकतो. पण चारचौघांत कुणी मान द्यायला लागलं, तर त्याला नको म्हणायला यांची जीभ रेटत नाही. पुढचं सगळं त्या न रेटलेल्या जिभेचं आहे.

कारण मान घेतला की तो सांभाळावा लागतो. फिंच दर आठवड्याला त्या बाजूला फिरायला जायचे आणि पबमध्ये हळूच म्हणायचे, "टेडने कुंपण अजून हलवलं नाही वाटतं." शेवटी पानगळीच्या दिवसांत टेडने काटेकुटे काढले, कुंपण उपटलं आणि अगदी पाण्याच्या काठाला नेऊन रोवलं. मधे एक फट ठेवली, गाईंना पाणी प्यायला. फिंच खूश झाले. गाईही खूश झाल्या असाव्यात.

त्या गाई जर्सी होत्या, बदामी रंगाच्या, काजळ घातल्यासारख्या डोळ्यांच्या. जोननी त्यांना पूर्वीच्या व्हिकारांच्या बायकांची नावं ठेवली होती. "मिसेस हॉलंड आज नीट खात नाही" असं त्या म्हणायच्या आणि नवख्या माणसाची त्रेधा उडायची. दुधाला असा पिवळट दाटपणा, की एक गाय व्यायल्यावर मी चीक मागून घेतला आणि कितीतरी वर्षांनी खरवस केला. टेडने तो चमच्याच्या टोकाने चाखला, थोडा विचार केला आणि म्हणाला, "आम्ही हे वासराला पाजतो." मग सगळा संपवला.

फेब्रुवारीच्या शेवटी बातमी आली, ती टीव्हीवरून. उत्तरेकडे कुठेतरी गुरांना फूट अँड माउथ झाला होता. आपली लाळ्या-खुरकूत. मी नाव ऐकलं आणि खरं सांगायचं तर सुटकेचा निःश्वास टाकला. एवढंच होय! दादांच्या शाळेशेजारच्या गोठ्यात मी लहानपणी ती पाहिली होती. गाय लाळ गाळते, लंगडते, खात नाही. मग तिची खुरं तुरटीच्या पाण्याने धुवायची, तोंडाला हळद-तेल लावायचं, मऊ चारा घालायचा. दूध कमी होतं. दोनेक आठवड्यांत बहुतेक गाई उभ्या राहतात.

हे मी एका दुपारी जोनना सांगितलं, त्यांच्या फाटकाशी. तेव्हा फाटकाच्या आत कुणी जायचं नाही असं ठरलं होतं. फाटकासमोर रस्त्यावर पेंढ्याचा जाड थर घालून तो जंतुनाशकाने भिजवून ठेवलेला असायचा, आणि दोघींच्या मधे त्या ओल्या पेंढ्याचा हॉस्पिटलसारखा वास.

"बऱ्या होतात?" जोन म्हणाल्या.

"बहुतेक होतात."

"मग आम्ही का मारतो त्यांना?"

संध्याकाळी शिरीषला विचारलं. तो म्हणाला, "अगं, रोग मारत नाही, व्यापार मारतो. रोगमुक्त देश अशी पाटी राहिली तरच बाहेर मांस विकता येतं. एका गुराला झालं की अख्खा कळप. आणि आता तर शेजारच्या शेतावरचाही."

"निरोगी असला तरी?"

"हद्दीला हद्द लागली की झालं."

त्याने ते भाजीवर मीठ घेता घेता म्हटलं. पण मग तो जेवलाच नाही. त्या दिवसांत त्याच्या सर्जरीत शेतकरी यायचे बंद झाले होते, फोनवरच बोलायचे. कुणाला झोप येत नव्हती, कुणाच्या छातीत धडधडत होतं. एकाने पडशाचं औषध विचारून फोन ठेवला नाही, नुसता श्वास ऐकू येत राहिला. शिरीषने गाडी काढली आणि तो त्याच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला. आत जायची सोय नव्हती. दोघं फाटकाच्या दोन बाजूंना बराच वेळ हवामानाबद्दल बोलले.

कोकरांचे दिवस होते. एरवी या दिवसांत टेकड्या बेंबटण्याने भरून जातात. त्या वर्षी एकेक टेकडी गप्प होत गेली. पायवाटांवर लाल अक्षरांत बंदीच्या पाट्या लागल्या. फिरायला जाणारी माणसं खिडकीतून टेकड्यांकडे बघत बसायची. वारा उत्तरेचा असला की दूर क्षितिजावर धुराची एक रेघ दिसायची, आणि दुपारपर्यंत वाळत घातलेल्या कपड्यांना वास लागायचा. सरणावर पाय वर करून पडलेली गुरं टीव्हीवर रोज दाखवत. सुनीताचा स्लाऊहून फोन आला.

"अगं, तिकडे गाई जाळतात म्हणे! खिडक्यांतून दिसतं का?"

"दिसत नाही. वास येतो."

"शी! या ना इकडे चार दिवस."

"आमच्या गाडीची चाकं इकडून कुठे न्यायची नाहीत असं सांगितलंय गं," मी म्हटलं. असं कुणी सांगितलं नव्हतं. मला जोनना सोडून जायचं नव्हतं, आणि ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

कौन्सिलची बैठक झाली. फिंचचं म्हणणं, पॅरिशने स्वतःचं संरक्षण करावं. म्हणजे काय, तर गावाच्या नावाच्या पाटीपाशी, ऐन शिवेवर, रस्त्यावर पेंढ्याचा मोठा थर घालायचा, शेजारी जंतुनाशकाची बादली ठेवायची, आणि व्हिकारांच्या हस्ते त्याचं उद्घाटन करायचं.

"रोग हवेतून येतो म्हणतात," मी म्हटलं. "पक्ष्यांच्या पायांतूनही."

"मॅडम," फिंच म्हणाले, "दोन महायुद्धांत या गावाची शीव कुणी ओलांडली नाही."

"जर्मनांचा तसा बेत होता का?" पोस्ट ऑफिसवाल्या बाईंनी विचारलं. कुणी हसलं नाही. त्या दिवसांत विनोद असे मधेच पडून राहायचे.

थर घातला गेला. व्हिकारांनी प्रार्थना म्हटली. फिंचनी चांदीच्या मुठीची काठी जंतुनाशकात बुडवून तीन वेळा पेंढ्यावर आपटली. मी मागे उभी होते, आणि मला राहून राहून तो गाडा दिसत होता, नैवेद्य ठेवलेला, शिवेपलीकडे ढकलायचा. फरक एवढाच की कऱ्हाडकडची माणसं रोग पुढे ढकलत, आणि आम्ही तो आत येऊ नये म्हणून दार लावत होतो. दोघांनीही शीव ही रोगाला समजणारी गोष्ट आहे असं धरलं होतं.

टेड आला नव्हता. त्याचं गोठ्यातून बाहेर पडणंच बंद झालं होतं. हिवाळाभर गाई आत होत्या. मे लागताना चारा संपला आणि गवत वर आलं, तेव्हा त्याने त्या कुरणात सोडल्या. बाहेर काढल्यावर जर्सी गाई पहिल्या दिवशी नाचतात. म्हाताऱ्या व्हिकारणीसुद्धा शेपट्या उभ्या करून उड्या मारतात. दरवर्षी तो दिवस बघायला गावातली माणसं जमायची. त्या वर्षी मी एकटीच रस्त्याच्या पुलावरून बघत होते. टेडने लांबून हात हलवला. त्याच्यामागे सगळी कुंपणं पांढरी झाली होती, आणि तो वास होता.

दुसऱ्याच आठवड्यात बेवनच्या मेंढ्या लंगडायला लागल्या.

शिरीषला हे सर्जरीत कळलं. त्याने घरी फोन केला. "बेवनकडे आलाय. गुरांचा सरकारी डॉक्टर टेडच्या हद्दीकडे बघायला येणार आहे आज."

मी कोट घातला आणि फिंचच्या घरी गेले. त्यांनी दार उघडलं. त्यांना कळलं होतं. चेहरा मैद्यासारखा.

"मिस्टर फिंच, ती पट्टी कायद्याने कुणाची आहे?"

ते दारातून एक पाऊल मागे सरले.

"ढेकूळ हातात देऊन जमीन मिळते का हल्ली?"

"नाही," ते म्हणाले. "ती पद्धत कधीच बंद झाली. वकील लागतो, सही लागते. पट्टी गावाचीच आहे. मला माहीत होतं. सगळ्यांना माहीत असेल असं मला वाटलं."

"मग टेडची हद्द जुन्या कुंपणापाशी संपते. मधे गावाची जमीन. हद्दीला हद्द लागत नाही. जाऊन एवढं सांगा त्यांना."

"म्हणजे मी सांगू," फिंच सावकाश म्हणाले, "की ते सगळं नाटक होतं?"

"हो."

मला वाटलं ते दार लावून घेतील. त्यांनी खुंटीवरचा ट्वीडचा कोट बघितला, त्याच्या शेजारचा जुना निळा अनोरॅक, साधं पावसाळी जाकीट, काढला आणि अंगात घातला. काठी घेतली नाही. क्रॉयडनच्या बसस्टॉपवर पावसात दिसावा तसा एक म्हातारा माणूस माझ्याबरोबर रस्त्याने चालू लागला. त्या माणसाला मी पहिल्यांदाच भेटत होते.

गुरांची ती डॉक्टर, इथे व्हेट म्हणतात, पुलावर उभी होती, पिकल्या केसांची, न्यूझीलंडहून कामासाठी आलेली बाई. अंगात पांढरा कागदी झगा. तिच्या डोळ्यांखाली असा काळोख होता की मला तिच्यावर रागावता येईना. खाली ओढा. टेड त्याच्या बाजूला पाण्याजवळ उभा, थोडी मागे जोन. गाई वरच्या चढावर चरत होत्या.

फिंच बोलले. अडखळत, पण काही न लपवता बोलले. आपण फरश्या विकणारे आहोत, हा समारंभ आपण हौसेने केला, त्याला कायद्याचा आधार नाही, मिस्टर प्रॉसरना ती जमीन नकोच होती, आपण ती त्यांच्या गळ्यात मारली. ही पट्टी गावाची आहे, असं ते दोनदा म्हणाले. दुसऱ्यांदा त्यांचा आवाज चिरकला. मी त्या माणसाची वर्षानुवर्षं मनातल्या मनात टर उडवली होती. त्या पुलावर मला त्याची एकही गोष्ट हास्यास्पद वाटली नाही.

व्हेटने सगळं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "जमीन कुणाची, हे मला नाही ठरवायचं, सर. गाई कुठपर्यंत जातात, एवढंच मला विचारायचंय." आणि ती कठड्यावरून खाली वाकली. "मिस्टर प्रॉसर, गाई पाण्यापर्यंत येतात?"

रात्री पाऊस झाला होता. काठाचा चिखल धुऊन निघाला होता. कुणाचे पाय कुठे उमटले होते, काही सांगता आलं नसतं. तिने खाली बघितलं, मग टेडकडे, आणि ती मुद्दाम सावकाश म्हणाली, "विचार करून सांगा. घाई नाही."

ती त्याला वाट देत होती. मला दिसत होतं. फिंचना दिसत होतं. जोननी डोळे मिटून घेतले.

टेडने टोपी काढून परत घातली.

"विचार करण्यासारखं काय आहे त्यात?" तो म्हणाला. "तहान लागते त्यांना. काल संध्याकाळीही आल्या होत्या. पलीकडे बेवनच्या मेंढ्या पीत होत्या."

व्हेटने मान हलवली आणि ती गाडीकडे गेली. फिंच कठड्याला धरून उभे राहिले. मला वाटतं, टेड त्या वेळी एक शब्द खोटं बोलला असता तर पुढच्या शेतावर रोग गेला असता कदाचित, आणि त्याच्या पुढच्या. त्याला तेच वाटलं असणार. किंवा त्याला काहीच वाटलं नसेल, प्रश्न विचारला म्हणून उत्तर दिलं असेल. टेडच्या बाबतीत हे दोन्ही सारखंच दिसायचं.

माणसं दुसऱ्या दिवशी दुपारी आली. जोननी गाईंना एकेक करून गोठ्यात आणलं, नावाने हाका मारत. अनोळखी माणसांनी ओढत नेलं तर त्या बिथरतील म्हणाल्या. मी घरात होते. आमचं घर तसं लांब आहे, पण त्या दिवशी वारा पडला होता. आवाज कोरडे होते, लहान, सारख्या अंतराने. मी रेडिओ लावला. मग बंद केला. रेडिओवर कुणीतरी बागकामाबद्दल बोलत होतं. खिडक्या लावल्या तरी हॉथॉर्नचा वास आत होताच. सगळ्यात वाईट म्हणजे आवाज थांबले ते.

त्यानंतर कित्येक दिवस टेड रोज पहाटे धारा काढायच्या वेळी उठून रिकाम्या गोठ्यात जायचा, दिवा लावायचा आणि थोड्या वेळाने मालवायचा. फिंच रोज सकाळी प्रॉसरांच्या फाटकाशी येऊन उभे राहायचे. अनोरॅकमध्येच. आत जायचे नाहीत, बोलायचे नाहीत. टेड दिसला तर टोपीला हात लावायचे. टेडही लावायचा.

उन्हाळा लागता लागता टेड एकदा सर्जरीत आला. मी शिरीषचा डबा घेऊन गेले होते. निघू लागले तर म्हणाला, थांबा, तुम्हीही ऐका. व्हेटचा फोन आला होता. त्या दिवशी गाईंच्या रक्ताचे नमुने घेतले होते. सगळे स्वच्छ निघाले. एकाही गाईला काही झालेलं नव्हतं.

शिरीषने चष्मा काढला. "टेड..."

"तुम्हाला सांगायला आलो, कारण कुणालातरी सांगायला हवं होतं," टेड म्हणाला. "जोनला सांगू नका. आजारी होत्या असं समजून ती झोपते तरी. आणि हॅरल्डला तर नकोच. तो फाटकाशी उभा राहतो तेवढं पुरे आहे."

आम्ही नाही सांगितलं. शिरीषने त्याला झोपेच्या गोळ्या हव्यात का विचारलं, टेड नको म्हणाला. त्याने पुढे मेंढ्या घेतल्या, थोड्याशा. गाई पुन्हा घेतल्या नाहीत. कुंपण जुन्या जागी नेऊन रोवलं. दोन हिवाळ्यांपूर्वी तो गेला, अंथरुणात, धारांच्या वेळेला.

हे सगळं मी इथे लिहू शकते, कारण मिस्टर फिंच मराठी वाचत नाहीत. आता ते ऐंशीच्या घरात आहेत. शीव झोडपायचा कार्यक्रम कुणीतरी तरुण मंडळी बघतात, हौसेने, टी-शर्ट छापून. फिंच फार बोलत नाहीत. पण दर मे महिन्यात कधीतरी, कुणी जवळपास नसताना, ते मला एक प्रश्न विचारतात. चर्चच्या दारात, पोस्टाच्या रांगेत, कुठेही. आवाज अगदी सहज ठेवून.

"त्यांना लागण झालीच असती, नाही का? आज नाही तर उद्या?"

आणि मी म्हणते, "हो. झालीच असती."

परवा त्यांनी विचारलं तेव्हा आम्ही पोस्टात होतो. माझ्यामागे कोण उभं आहे हे त्यांना मोतीबिंदूमुळे दिसलं नसावं. मी तोंड उघडणार, एवढ्यात मागून जोनचा आवाज आला.

"झालीच असती, हॅरल्ड. मिसेस हॉलंड आदल्या दिवशीच लंगडत होती. मी टेडला म्हटलंही होतं."

फिंच दचकले. मग त्यांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं. त्यांनी टोपीला हात लावला, आणि तिकिटं न घेताच बाहेर पडले. काचेतून ते रस्ता ओलांडताना दिसत होते, जरा ताठ.

मिसेस हॉलंड लंगडत नव्हती. आदल्या दिवशी पुलावरून मी तिला पाहिलं होतं. मी जोनकडे वळले. त्या पिशवीचे बंद आवळत होत्या, माझ्याकडे न बघता.

"व्हेटचा फोन आधी मीच उचलला होता, लव्ह," त्या म्हणाल्या. "ती म्हणाली, रक्त स्वच्छ आहे. मी म्हटलं, थांबा, टेडला बोलावते, त्याला सांगा. पण मला सांगितलंय असं सांगू नका."

रांग पुढे सरकली. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, पुढे कोण. जोन पुढे झाल्या.